चाकांवरचे बिऱ्हाड आणि शुभ्र क्रौंच

अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रांतांत व कॅनडात शरद ऋतू सरत आला, म्हणजे दोन प्रकारचे प्रवासी दक्षिणेची वाट धरतात. एक पंखांचे, दुसरे चाकांचे. पंखांच्या प्रवाशांविषयी आपण शाळेतील पुस्तकांत थोडेबहुत वाचलेले असते. चाकांचे प्रवासी म्हणजे साठी उलटलेली, नोकरीधंद्यातून मोकळी झालेली जोडपी. दारातले बर्फ उपसण्याचा कंटाळा आला, की ही मंडळी घरास कुलूप लावतात, संसार एका मोठ्या गाडीत भरतात आणि मेक्सिकोच्या आखाताकडे निघतात. टेक्सास राज्याच्या अगदी दक्षिण टोकास, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, अशी माणसे दर वर्षी हजारोंनी येऊन राहतात. तेथील लोक त्यांस ‘विंटर टेक्सन’, म्हणजे हिवाळ्यापुरते टेक्सासवासी, असे कौतुकाने म्हणतात. वसंताची चाहूल लागली, की पक्षी आणि म्हातारे दोघेही उत्तरेस परततात.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ह्युस्टन शहरी राहतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी असे एक वाहन दहा दिवसांपुरते भाड्याने घेतले आणि आम्हा उभयतांस, सूनबाईंस व नातीस आखाताच्या पाणथळ किनाऱ्याने हिंडवून आणले. त्या प्रवासात पाहिलेल्या एका पक्ष्याविषयी आज लिहावयाचे आहे. परंतु आधी त्या बिऱ्हाडाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. कारण आमच्या भगिनीवाचकांस पक्ष्याहून त्याचेच कुतूहल अधिक असणार, हे आम्ही जाणून आहोत.

या वाहनास तिकडे आर. व्ही. म्हणतात. आमचे वाहन अठ्ठावीस फूट लांब होते. आपल्या एस. टी. च्या गाडीहून आखूड, पण पोटात अख्खे घर! चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. जेवणाचे मेज रात्री खाली सरकविले, की त्याचाच दुसरा पलंग. गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि शौचकूप. शेगडी व शौचकूप यांच्यामध्ये एका पातळ दाराचे काय ते अंतर. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी त्या दाराकडे पाठ करून पोहे केले. तिसऱ्या दिवशी त्याच दारावर ओले टॉवेल वाळत घातले. प्रवासात सोवळे किती लवकर सैल होते, हे काशीयात्रा केलेल्या आमच्या आजीनेही सांगितले होते.

गाडीच्या तळाशी तीन टाक्या असतात. एक शुद्ध पाण्याची, दुसरी न्हाणीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. मुक्कामाच्या जागी जमिनीत एक तोंड बसविलेले असते. त्यास जाड नळी जोडून प्रथम मैल्याची टाकी रिकामी करावयाची व मागाहून सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हे काम चिरंजीव हातमोजे घालून स्वतः करीत. येथे असताना जेवल्यावर ताटही न उचलणारा हा मुलगा! सौभाग्यवती ते दृश्य पाहण्यास मुद्दाम खाली उतरत. पाणी येते कोठून आणि जाते कोठे, हे आपणांस घरी बसून कधी दिसत नाही. चाकांवरच्या बिऱ्हाडात ते रोज सकाळी मोजून घ्यावे लागते.

ह्युस्टनपासून नैर्ऋत्येस सुमारे तीनशे किलोमीटरांवर रॉकपोर्ट नावाचे किनाऱ्यावरील गाव आहे. त्याच्या शेजारी गूस आयलंड या सरकारी उद्यानात आम्ही चार रात्री मुक्काम केला. जवळच एक ओकवृक्ष आहे. त्याचे वय हजार वर्षांहून अधिक मानतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे नावाचे भयंकर वादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आजूबाजूची तरुण झाडे उन्मळून पडली. हा वृद्ध मात्र उभा राहिला. पुढे आम्ही रिओ ग्रांदेपर्यंतही गेलो आणि हिरव्या रंगाचे ‘जे’ पक्षी व पहाटे स्वतःच्याच नावाचा गजर करणारा ‘चाचालाका’ यांची ओळख करून घेतली. पण ती हकीकत पुन्हा केव्हा तरी.

रॉकपोर्टच्या उत्तरेस अरान्सास नावाचे राष्ट्रीय पक्षी-आश्रयस्थान आहे. खारट दलदल, उथळ खाड्या, मध्येच गोड्या पाण्याची डबकी आणि वाऱ्याने एका बाजूस कललेले बुटके ओक, असा तो प्रदेश. प्रथमदर्शनी तो कोणास रमणीय वाटणार नाही. परंतु दुर्बीण डोळ्यास लावली, की कोठे पाहावे आणि कोठे नाही असे होते. आपला चमच्या पक्षी पांढरा, तेथला गुलाबी. तांबूस बगळा पंख पसरून पाण्यावर सावली धरतो आणि सावलीस आलेले मासे टिपत नाचतो. संस्कृतातील कुरर तो हाच, असे जाणकार ज्यास मानतात, तो मासेमार ऑस्प्रे प्रत्येक तिसऱ्या खांबावर. गोड्या पाण्यावर तलवार बदके व थापट्या बदके पाहून तर आम्हास गाववाले भेटल्याचा आनंद झाला. कारण हीच बदके हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर व नवेगावच्या तलावावरही उतरतात. जात एकच, आजोळे तेवढी निराळी. आणि पायवाटेच्या कडेस, ‘सुसरींस खाऊ घालू नये’ अशा पाटीखाली, सुसरीची भावंडे म्हणावी असे ॲलिगेटर ऊन खात पडलेले. नातीने ती पाटी आम्हास दोनदा मोठ्याने वाचून दाखविली.

आश्रयस्थानात दुर्बीण लावून वाटसरूंस पक्षी दाखविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. मिनेसोटा प्रांतात आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेले. तिकडे अशी रीत आहे, की निवृत्त जोडप्याने आश्रयस्थानात आठवड्यास ठरलेले तास काम करावे आणि त्याबदली सरकारने त्यांस गाडी उभी करण्यापुरती जागा, वीज व पाणी द्यावे. वेतन नाही. हे गृहस्थ व त्यांची पत्नी रस्ते झाडतात, कुंपणे दुरुस्त करतात, शाळेची मुले आली की त्यांस पक्षी दाखवितात. आमच्या धर्मशास्त्रकारांनी वानप्रस्थाश्रम सांगितला खरा. पण आपण तो बहुधा सुनेच्या स्वयंपाकघरात लक्ष घालून पार पाडतो, असा विचार त्या वेळी आमच्या मनात आला. तो आम्ही सूनबाईंस बोलून दाखविला नाही.

आता त्या पक्ष्याकडे वळू. इंग्रजीत त्यास ‘व्हूपिंग क्रेन’, म्हणजे आरोळी देणारा क्रौंच, म्हणतात. आपण त्यास शुभ्र क्रौंच म्हणू. उंची सुमारे पाच फूट. उत्तर अमेरिकेत याहून उंच पक्षी नाही. सर्वांग पांढरे, पंखांची टोके काळी, माथा लाल. त्याची श्वासनलिका सुमारे पाच फूट लांब असून छातीच्या हाडात शंखाप्रमाणे वेटाळलेली असते. त्यामुळे त्याची आरोळी कोसभर सहज ऐकू येते. आम्ही सकाळच्या धुक्यात उथळ तळाच्या नावेतून निघालो, तेव्हा दिसण्याआधी तो ऐकूच आला.

नावाड्याने यंत्र बंद केले. तीरावर एक जोडपे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांचे त्या वर्षीचे पिल्लू. मादीने की नराने, हे आम्हास कळले नाही, पण एकाने पाण्यातून निळा खेकडा ओढून काढला, झटकून झटकून त्याच्या नांग्या पाडल्या आणि मऊ भाग पिल्लापुढे धरला. मागच्या कालव्यातून तेलाची मोठी मालनौका गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही. नावाड्याने सांगितले, की हिवाळाभर एकेक जोडपे दलदलीचा शेकडो एकरांचा तुकडा स्वतःकडे राखून ठेवते. दुसऱ्या कुटुंबास आत येऊ देत नाही. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एवढ्या मोठ्या वाड्यात तिघेच? आणि आपण बारा माणसे दोन न्हाणीघरांत भागवतो!” एकत्र कुटुंबातील आमच्या वाचकांस हे क्रौंच खचित आप्पलपोटे वाटतील. परंतु यातच एक मोठी अडचण आहे, ती पुढे सांगतो.

एके काळी हे पक्षी त्या खंडात दूरवर पसरलेले होते. गवताळ प्रदेशातील पाणथळी कोरड्या करून शेते झाली, आणि जे उरले त्यांवर बंदुका चालल्या. १९१६ साली अमेरिका व कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी प्रवासी पक्ष्यांच्या रक्षणाचा करार केला. १९३७ साली अरान्सासचे आश्रयस्थान झाले. तरीही १९४१ च्या हिवाळ्यात येथे उतरलेले शुभ्र क्रौंच मोजले, तेव्हा ते अवघे पंधरा-सोळा भरले. एखाद्या लग्नाच्या पहिल्या पंगतीतही याहून अधिक पाने मांडतात. हे पक्षी अंडी घालण्यास जातात कोठे, हेही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. रॉबर्ट पोर्टर ॲलन नावाच्या अभ्यासकाने त्यांच्यावर १९५२ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्या वेळीही ते गूढच होते. १९५४ साली कॅनडातील वुड बफेलो या अरण्यात वणवा लागला. त्याच्या कामासाठी हेलिकॉप्टरातून फिरणाऱ्या मंडळींस खाली दलदलीत पांढरे क्रौंच व त्यांचे पिल्लू दिसले. अरान्सासपासून ती जागा सुमारे चार हजार किलोमीटर दूर. आज याच थव्याची संख्या पाचशेच्या वर गेली आहे.

ही वाढ दैवाने झालेली नाही. क्रौंची बहुधा दोन अंडी घालते आणि त्यांतून बहुधा एकच पिल्लू मोठे होते. म्हणजे सर्व काही सुरळीत चालले तरी वंश मुंगीच्या पावलाने वाढतो. त्यास ऐंशी वर्षे जागा, पाणी आणि अभय ही तिन्ही सलग मिळावी लागली. जागेचा पैसा पुष्कळसा कोठून आला, हे ऐकून आमचे वाचक चकित होतील. १९३४ पासून अमेरिकेत पाणबदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसास दर वर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. आरंभी त्याची किंमत एक डॉलर होती, आता पंचवीस आहे. त्या उत्पन्नातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव भाग पाणथळ जमिनी राखण्याकडे जातो, आणि अशा रीतीने आजवर साठ लाख एकरांहून अधिक जागा सुरक्षित झाली. शिकाऱ्याच्या पैशाने पक्ष्यास घर, हा व्यवहार आमच्या मनास रुचत नाही. परंतु ज्यांस तो रुचत नाही, अशा आम्हा अहिंसावाद्यांनी त्याच कामासाठी गाठीचे किती रुपये काढले, हेही ज्याने त्याने विचारावे. आम्ही तेथे ते तिकीट विकत घेतले. ते दाखविल्यावर अशा आश्रयस्थानांत प्रवेशशुल्क पडत नाही. नातीने ते आपल्या वहीत चिकटविले आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र तिकिटाने सुटत नाही. अरान्सासच्या खाडीत ग्वादालुपे व सॅन अँटोनियो या दोन नद्यांचे गोडे पाणी येते. ते पुरेसे आले, म्हणजे खारेपणा बेताचा राहतो, निळे खेकडे वाढतात, आणि वुल्फबेरी नावाच्या झुडपास लाल फळे धरतात. ही दोन्ही क्रौंचांची मुख्य अन्ने. वर शहरे, शेते व कारखाने पाणी उचलतात. २००८-०९ च्या हिवाळ्यात अवर्षण पडले, खाडी खारी झाली, खेकडे दुर्मिळ झाले, क्रौंच पिण्याच्या पाण्यासाठी दूर डबक्यांकडे जाऊ लागले. आणि त्या एका हिवाळ्यात तेवीस क्रौंच गेले, असा आश्रयस्थानाच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. तेव्हा क्रौंचांच्या काही कैवाऱ्यांनी एक संस्था करून, पाणी उचलण्याचे परवाने देणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यांवर फिर्याद केली. २०१३ साली खालच्या न्यायालयाने निकाल क्रौंचांच्या बाजूने दिला. २०१४ साली वरच्या न्यायालयाने तो फिरविला.

वरच्या न्यायालयाचे म्हणणे आम्हास मोठे चिंतनीय वाटले. परवान्यामुळे पाणी उचलले गेले, त्यामुळे नदी आटली, त्यामुळे खाडी खारावली, त्यामुळे खेकडे घटले, त्यामुळे पक्षी अशक्त झाले, त्यामुळे मेले. ही साखळी इतकी लांब आहे, की तिच्या शेवटच्या कडीचा दोष पहिल्या कडीवर ठेवता येत नाही. आमच्या न्यायशास्त्रात नेमका हाच विचार आहे. घटाचे कारण कुंभार. पण कुंभाराचा बाप हे घटाचे कारण नव्हे, तो ‘अन्यथासिद्ध’. तो नसता तर कुंभार नसता हे खरे, तरी घटाशी त्याचा संबंध जोडावयाचा नाही. इतकी वर्षे हा दृष्टांत आम्ही वर्गात शिकविला. पण त्या खाडीकाठी उभे असता मनात आले, की कुंभाराच्या बापास मुलगा काय घडविणार हे ठाऊक नसते. परवाना देणाऱ्यास मात्र नदी कोठे जाते हे ठाऊक असते. नकाशा त्याच्याच भिंतीवर टांगलेला असतो. तेव्हा त्यास अन्यथासिद्ध म्हणून मोकळे सोडणे आमच्या बुद्धीस पटत नाही. न्यायशास्त्राचे जाणते वाचक याविषयी लिहितील, तर त्यांचे पत्र अवश्य छापू.

आणि वर सांगितलेली अडचण ती हीच. पंधरा क्रौंचांस जी दलदल पुरली, ती पाचशेंस पुरत नाही. कारण प्रत्येक कुटुंबास आपला तुकडा हवा. ते आता आश्रयस्थानाच्या सीमेबाहेर, जेथे घरे व बंगले बांधण्याची घाई चालली आहे, तेथे पसरू लागले आहेत. समुद्रही हळूहळू चढत असून दलदलीचा खालचा काठ गिळत आहे.

हे सर्व ऐकताना आमचे लक्ष वारंवार मायदेशाकडे जात होते. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत सैबेरियाहून पांढरे क्रौंच येत असत. शुभ्र क्रौंचाचे सख्खे चुलत भाऊच म्हणा. १९६० नंतरच्या काही वर्षांत ते सुमारे दोनशे होते. त्यांची वाट कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशा अनेक देशांवरून होती. वाटेत शिकारी होते, लढाया होत्या, आटलेली सरोवरे होती. अमेरिकेच्या क्रौंचास दोन यजमान सांभाळावे लागले, या बापड्यास अर्धा डझन. २००१-०२ च्या हिवाळ्यात भरतपुरास त्यांचे शेवटचे जोडपे दिसले. त्यानंतर कोणी आले नाही.

टपालवाल्या गृहस्थांनी आम्हास विचारले, “तुमच्या प्रांतात क्रौंच आहेत काय?” आम्ही सारसाविषयी सांगितले. करडा रंग, लाल माथा, माणसाएवढी उंची; वाल्मीकींचा क्रौंच तो हाच, असा विद्वानांचा एक पक्ष आहे. आम्ही भंडारा जिल्ह्यात एकतीस वर्षे संस्कृत शिकविले. गोंदिया त्याच जिल्ह्यात मोडत असे. तो १९९९ साली निराळा झाला. मालगुजारी तलावांच्या खालच्या धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी चरताना आम्ही सायकलवरून पुष्कळदा पाहिली आहे. शेतकरी त्यांस हाकलीत नसत. जोडी शेतात घरटे करील, तर ते शुभ मानीत. तो पक्षी कोठेही जात-येत नाही. त्यास करार नको, चार हजार किलोमीटरांची वाट नको. एक तलाव, एक बांधी आणि अंड्यांकडे न वळणारा हात, एवढेच हवे.

“किती आहेत?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, की दोन्ही जिल्हे मिळून अलीकडच्या गणतीत चाळीसच्या आतबाहेर. उत्तर प्रदेशात ते हजारोंनी आहेत; आमच्याकडे एवढेच. काही विजेच्या तारांस लागून मरतात, काही फवारणीच्या विषाने, आणि तलावांचे काठ दर वर्षी नांगराखाली थोडे थोडे जातात. त्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या पंधरांहून दुप्पट अधिक आहेत की! मोजतो कोण?” मोजणारे आहेत, हे आम्हास अभिमानाने सांगता आले. गावोगावचे तरुण घरट्यांवर पाळत ठेवतात, शेतकऱ्यांस समजावतात. आमचा एक जुना विद्यार्थीही, ज्यास शब्दरूपे कधी पाठ झाली नाहीत, गेली काही वर्षे त्यांत आहे. परत आल्यावर त्यास आम्ही वरील सर्व हकीकत लिहून कळविली. त्याचे उत्तर आले, की यंदा त्याच्या शेजारच्या बांधीत जोडप्याने दोन अंडी घातली, एक पिल्लू उडाले.

आमच्या वाचकांपैकी कोणाची मुले टेक्सासकडे असतील व तिकडे जाण्याचा योग येईल, तर शुभ्र क्रौंच पाहण्यास नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. सकाळची नाव धरावी, लोकरीचा गळपट्टा न्यावा, आणि डासांसाठी औषध विसरू नये. हिवाळा असला तरी ते तेथून जात नाहीत. जे येथेच आहेत, त्यांच्यासाठी एवढेच, की गोंदिया-भंडाऱ्यातील सारसांची गणती पावसाळ्याच्या तोंडी, पहाटेच्या वेळी होते. त्या वेळी तलावाकाठी उभे राहण्यास माणसे हवी असतात. वयाची अट नाही.